घर बदललं की बोका गादीवर लघवी करतो: चार शिफ्टिंगनंतर लागलेला उपाय

आधी लक्षण सांगते, म्हणजे तुमची अडचण हीच आहे का ते कळेल. एरवी लिटर बॉक्सच्या (शी-शूसाठी वाळू भरून ठेवलेल्या ट्रेच्या) बाहेर एक थेंब न सांडणारं मांजर. घर बदलतं. पहिले एक-दोन दिवस ते कपाटामागे नाहीतर पलंगाखाली दडून बसतं, रात्री सगळे झोपले की बाहेर येऊन दोन घास खातं आणि परत आत. आपल्याला वाटतं, चला, रुळतंय हळूहळू. आणि तिसऱ्या रात्री गादीच्या बरोबर मध्यभागी, आपण झोपतो तिथे, मोठं थारोळं. चादर बदलली की पुन्हा तिथेच. मग सोफा, मग धुवायला काढलेल्या कपड्यांचा ढीग. दीड-दोन महिन्यांनी प्रकार थांबतो. पुढे अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपतं, टेम्पो येतो आणि नव्या घरात सगळं पहिल्यापासून.

आमचा खंडू सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या खोलीत लहानाचा मोठा झाला. तिथून कर्वेनगर, मग वारजे, मग धायरी, आणि आता आनंदनगर. सहा वर्षांत चार शिफ्टिंग. पहिल्या तिन्ही वेळा वर लिहिलंय तसंच झालं, आणि दर वेळी आधीच्यापेक्षा जास्त. चौथ्या वेळी एकदाही झालं नाही. मधे काय बदललं ते इथे लिहिते आहे, कारण भाड्याच्या घरात राहून मांजर पाळणाऱ्या कितीतरी जणांचा धीर नेमका याच कारणाने सुटतो.

वारजेला शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "अगं, सूड घेतोय तो तुझ्यावर. जुन्या सोसायटीत सोडून ये, तिथे चार घरं खायला घालतील." काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं, पण दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. मांजर सूड म्हणून लघवी करत नाही. आणि पाळलेलं मांजर उपाशी-तहानेलं राहील अशा जागी सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०, कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. कायद्याचं सोडा, घरात वाढलेल्या बोक्याला तिथले मोकाट बोके सहज टिकू देत नाहीत.

सगळ्यात आधी: हे आजारपण तर नाही ना?

पुढचं काहीही वाचण्याआधी हे तपासा. घर बदलण्याच्या ताणाने मांजरांच्या मूत्राशयाला सूज येऊ शकते. जंतुसंसर्ग नसतो, खडा नसतो, तरी आग होते. मांजराला लिटर बॉक्समध्ये बसलं की दुखतं, ते त्या दुखण्याचा संबंध बॉक्सशी जोडतं आणि मऊ जागा शोधायला लागतं. अशा वेळी वागणं सुधारायच्या मागे लागून काही होत नाही, डॉक्टरच लागतात.

बोक्यांच्या बाबतीत आणखी मोठा धोका आहे. त्यांची मूत्रनलिका अरुंद असते. सुजेमुळे, चिकट स्रावाच्या किंवा रेतीसारख्या कणांच्या बोळ्यामुळे ती बंद पडू शकते. बोका पुन्हा पुन्हा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय, लघवीच्या जागी सारखं चाटतोय, आणि लघवी होतच नाही किंवा थेंब-थेंब होतेय, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखाना शोधा. नळी पूर्ण बंद झाली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. पुष्कळांना हे बद्धकोष्ठ वाटतं आणि त्यात वेळ जातो. धायरीला खंडूचं हेच झालं होतं. रात्री साडेअकराला रिक्षा करून नेला, नळी घालून मूत्राशय मोकळं केलं, तीन दिवस सलाईन. शिफ्टिंगच्या आधी चोवीस तास उघडा असलेला सगळ्यात जवळचा दवाखाना शोधून ठेवा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा.

दुसरी खूण खाण्याची. एक दिवस कमी खाल्लं तर घाबरू नका. पण पूर्ण एक दिवस अन्नाला तोंडच लावलं नाही तर डॉक्टरांना फोन करा, आणि दुसऱ्या दिवशीही तेच असेल तर घेऊनच जा. उपाशी मांजराच्या, त्यातही अंगाने भरलेल्या मांजराच्या, यकृतात चरबी साचायला लागते आणि ते दुखणं जिवावर बेतू शकतं. घरातली माणसांची कुठलीही गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराला मारायला पुरते.

मग कारण काय?

धायरीच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला एक प्रश्न विचारला, जो तोवर कोणी विचारला नव्हता: "घर बदलायच्या आधी तुम्ही काय काय धुतलंत?"

मी यादी सांगितली. पडदे, सोफ्याचे अभ्रे, उशा, सतरंज्या, खंडूची गादी, त्याची गोधडी, कॅरिअर (मांजर न्यायची पेटी). लिटर बॉक्स घासून उन्हात वाळवला होता. बॉक्सही जुना झाला म्हणून धायरीला नवीनच घेतला होता. नव्या घराची फरशी काळ्या फिनाईलने दोनदा पुसली होती. आपल्याकडे नव्या घरात जायचं म्हणजे सगळं स्वच्छ करूनच जायचं, आईने हेच शिकवलंय. आणि वारजेला एकदा त्रास झाला म्हणून धायरीला मी आणखी कसून धुतलं होतं.

तिथेच सगळं होतं. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर, पंजांच्या तळव्यांत गंधाच्या ग्रंथी असतात. ते दाराच्या कोपऱ्याला, खुर्चीच्या पायाला, आपल्या पायांना गाल घासतं तेव्हा तिथे आपला गंध लावत असतं. आपण घर डोळ्यांनी ओळखतो, मांजर नाकाने. भिंती बदलतात तेव्हा त्या गंधातला निम्मा तसाही मागे राहतो. उरलेला निम्मा सोफा, गोधडी, सतरंजी, लिटर बॉक्स यांच्यावर बसून नव्या घरी यायचा असतो, आणि तो मी दर वेळी सर्फमध्ये बुडवून टाकत होते. मग नव्या घरात त्याच्या ओळखीचा एकच दाट वास उरत होता: आम्ही झोपतो त्या गादीला येणारा आमच्या अंगाचा वास. घाबरलेलं मांजर त्या वासात आपला वास मिसळायला बघतं. गादी मऊ असते, उंचावर असते, चहूबाजूंनी दिसतं. त्याच्या दृष्टीने ती जागा अगदी योग्य आहे.

फिनाईलबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण ते प्रत्येक घरात असतं. काळ्या फिनाईलमध्ये फिनॉल जातीची रसायनं असतात, पांढऱ्यात बहुधा पाइनचं तेल. मांजराच्या यकृताला ही द्रव्यं नीट मोडता येत नाहीत. ओल्या फरशीवरून चालल्यावर पंजे चाटले की ती पोटात जातात. कपाटातल्या डांबर गोळ्या, कापूर आणि निलगिरीसारख्या तेलांचे सुगंधी दिवे यांचंही तेच. घरमालक किल्ली देण्याआधी घर फिनाईलने पुसून ठेवतात, ते त्यांचं सौजन्य असतं. पण आधीच फोन करून सांगा: "काका, फक्त साध्या पाण्याने पुसून घ्या." तोवर पुसून झालं असेल तर साध्या पाण्याने तीनदा पुसा आणि खिडक्या उघड्या ठेवून दोन दिवस घरात वारा खेळू द्या. नव्याने रंग दिला असेल तर जास्तच.

चौथ्या वेळी काय केलं

शिफ्टिंगच्या तीन आठवडे आधीपासून खंडूचं काहीही धुतलं नाही. त्याची गोधडी, आजीच्या नऊवारीची, महिनाभर तशीच. पाहुणे आले की लाज वाटायची, पण सोसली. कॅरिअर माळ्यावरून काढून त्यात गोधडीचा तुकडा घालून दिवाणखान्यात उघडा ठेवला. चार दिवसांनी तो आपणहून त्यात झोपायला लागला. एरवी आमचा कॅरिअर थेट शिफ्टिंगच्या सकाळी खाली यायचा आणि खंडूला धरताना हात रक्तबंबाळ व्हायचे.

एक जुना सुती मोजा घेतला आणि खंडू लाडात असताना त्याच्या गालांवरून, हनुवटीखालून हळू फिरवला. रोज एकदा. नव्या घराची किल्ली मिळाल्यावर त्याच मोज्याने तिथल्या दारांच्या चौकटी, पलंगाचे पाय, सोफ्याचे कोपरे पुसले, जमिनीपासून वीतभर उंचीवर, जिथे त्याचा गाल पोचेल तिथे. बाजारात असाच कृत्रिम गंध सोडणारी यंत्रं मिळतात. कोणाला लागू पडतात, कोणाला नाही. माझ्या मते आधी मोजा वापरून बघा, त्याला पैसे पडत नाहीत.

मग खोली. नव्या घरात मांजराला सगळं घर एकदम द्यायचं नाही. एक खोली, दार बंद. आमच्याकडे मागची छोटी बेडरूम होती. त्यात न धुतलेली गोधडी, त्याचं ओरबाडलेलं खुर्चीचं आसन, दोन पुठ्ठ्याची खोकी आडवी करून लपायला, एका कोपऱ्यात पाणी आणि खाणं, आणि त्याच्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात जुनाच लिटर बॉक्स. बॉक्स नुसता जुना नाही. जुन्या घरातल्या लिटरमधली दोन ओंजळी वापरलेली वाळू पिशवीत बांधून आणली आणि नव्या वाळूत मिसळली. किळस वाटेल, पण माझ्या अनुभवात याच एका गोष्टीने सगळ्यात जास्त फरक पडला. आत शिरल्यावर दहा मिनिटांत त्याने बॉक्स हुंगला आणि तासाभरात वापरला. वाळूचा प्रकार मात्र या काळात बदलू नका. माती वापरत असाल तर माती, लाकडाच्या गोळ्या असतील तर त्याच. सुगंधी लिटर तर नकोच.

एकच खोली आणि स्वयंपाकघर असेल तर? तरी जमतं. पलंगाखालची जागा चादरी सोडून तीन बाजूंनी बंद करा, चौथ्या बाजूला खोकं लावा, आणि तेवढंच त्याचं घर म्हणा. गादीवर मात्र पहिले दोन आठवडे प्लास्टिकचं कव्हर घाला आणि दिवसा गादी गुंडाळून ठेवा.

शिफ्टिंगच्या दिवशी तो सकाळपासून जुन्या घराच्या बाथरूममध्ये होता, गोधडी आणि लिटरसकट. दारावर कागद लावला: "आत मांजर आहे, दार उघडू नका." खाली हिंदीतूनही लिहिलं, कारण सामान उचलणारी मुलं उत्तर प्रदेशातली होती. दार सताड उघडं, लोक ये-जा करताहेत, कपाट आपटतंय, अशा वेळी निसटलेलं मांजर सापडणं फार अवघड असतं. सगळं सामान टेम्पोतून पुढे गेलं. खंडूची खोली लावून झाल्यावर त्याला सगळ्यात शेवटी रिक्षाने आणला, कॅरिअरवर ओढणी टाकून. निघण्याआधी चार-पाच तास खायला दिलं नव्हतं, म्हणजे वाटेत उलटी होत नाही. फारच घाबरणारं मांजर असेल तर प्रवासाआधी द्यायचं औषध डॉक्टर लिहून देतात. आधी विचारून ठेवा, ऐन वेळी नाही.

खोलीत आणल्यावर कॅरिअरचं दार उघडलं आणि मी जमिनीवर भिंतीला टेकून पुस्तक वाचत बसले. त्याला हाक मारली नाही, ओढून काढलं नाही. तो दीड तासाने बाहेर आला. पुढचे पाच दिवस त्या खोलीत. सकाळी सातला आणि रात्री आठला खाणं, सदाशिव पेठेपासून हीच वेळ. सहाव्या दिवशी दार अर्धं उघडलं, रात्री, घर शांत असताना. तो निवांत बसून अंग चाटायला लागला, शेपूट वर करून फिरायला लागला, चौकटीला गाल घासला, म्हणजे पुढची खोली उघडायची. पोट जमिनीला टेकवून चालत असेल तर थांबायचं. किती दिवस हे ठरवून सांगता येत नाही. आमचे अकरा गेले, मैत्रिणीच्या भाटीला एक महिना लागला.

दूध उतू घालायचा कार्यक्रम आम्ही तीन आठवडे पुढे ढकलला. सासूबाईंना आधी पटलं नाही. मग त्याच म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीत तरी लगेच कोण पाहुणे नेतं?" वास्तुशांत किंवा पूजा टाळता येत नसेल तर त्या दिवशी खंडूची खोली बंद, दाराच्या फटीला टॉवेल, म्हणजे होमाचा धूर आत जात नाही. ॲग्रीमेंट दिवाळीत संपत असेल तर घरमालकांशी बोलून आठ-दहा दिवस इकडे-तिकडे करा. नवी जागा आणि फटाके एकदम नकोत.

लघवी झालीच असेल तर गादी कशी वाचवायची

मांजराच्या लघवीत युरिक आम्ल असतं आणि ते पाण्याने, साबणाने निघत नाही. वास गेला असं आपल्याला वाटतं, पण कण गादीतच राहतात आणि दमट हवेत पुन्हा वास सुटतो. उन्हाळ्यात साफ वाटलेली गादी जुलैमध्ये पुन्हा वास मारते आणि मांजर पुन्हा तिथेच जातं, त्याचं कारण हे.

ओलं असतानाच जुन्या सुती कापडाने दाबून टिपून घ्या, घासू नका. मग एन्झाइमवालं क्लीनर, पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं. वरवर फवारून उपयोग नाही, लघवी जितकी खोल गेली तितकं ते मुरायला हवं. भरपूर ओता, वर प्लास्टिक टाका, बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा, मग काढून पंख्याखाली किंवा उन्हात पूर्ण वाळवा. गरज पडली तर पुन्हा. त्या जागी आधी साबण किंवा फिनाईल लावलं असेल तर पाण्याने काढून टाका, नाहीतर एन्झाइम नीट काम करत नाही. अमोनियावालं काही वापरू नका, मांजराला तो लघवीचाच वास वाटतो. आणि लघवीवर ब्लीच तर ओतूच नका, त्यातून विषारी वायू निघतो.

मांजराला ओरडू नका, त्याचं नाक तिथे नेऊन घासू नका. त्याची भीती वाढते आणि पुढची लघवी तुम्हाला न दिसणाऱ्या जागी होते. धुतलेल्या जागेवर दोन-चार दिवस त्याला खायला द्या. जिथे खातं तिथे मांजर सहसा लघवी करत नाही.

लिटर बॉक्सही मोजून घ्या. एक मांजर असेल तर दोन बॉक्स, दोन असतील तर तीन. नव्या घरात बाल्कनीत, वॉशिंग मशिनशेजारी बॉक्स ठेवायचा मोह होतो. मशिन फिरायला लागलं आणि तेव्हा मांजर आत असेल तर ते पुन्हा त्या बॉक्समध्ये जाणार नाही.

थारोळं नाही, भिंतीवर फवारा असेल तर

हा वेगळा प्रकार. मांजर उभं राहतं, शेपूट थरथरवतं आणि दारावर किंवा पडद्यावर थोडीशी लघवी उडवतं. बहुतेक वेळा खिडकीबाहेर दुसरा बोका असतो. तळमजल्यावरच्या घरांत हे फार. नसबंदी झाली नसेल तर आधी ती करून घ्या. झालेली असेल तर त्या खिडकीला खालून दोन फूट अपारदर्शक कागद लावा आणि दाराबाहेरचा पायपुसणा रोज धुवा, कारण बाहेरचा बोका आधी त्यावर मारून जातो. आधीच्या भाडेकरूंकडे मांजर होतं का, तेही घरमालकांना विचारा. अंधारात अतिनील टॉर्च फिरवला तर जुने डाग चमकतात. आनंदनगरच्या घरात सामान यायच्या आधी आम्हाला असे दोन सापडले, बाल्कनीच्या दारापाशी.

बाल्कनीला जाळी लावल्याशिवाय ते दार उघडायचं नाही. कबुतरांची पातळ नायलॉन जाळी मांजर दातांनी तोडतं. मांजरांसाठीची जाड जाळी किंवा तारेची जाळी घ्या. नव्या घरात वाट काढायला धडपडणारं मांजर पहिल्याच आठवड्यात पडू शकतं.

जुन्या घरी पळून जात असेल तर

जुनं घर दीड-दोन किलोमीटरच्या आत असेल तर हे होतं, कारण मधला काही रस्ता त्याच्या ओळखीचा असतो. बाहेर फिरायची सवय असलेलं मांजर निदान तीन-चार आठवडे आतच ठेवा, कितीही ओरडलं तरी. जुन्या सोसायटीच्या वॉचमनकाकांकडे फोटो आणि नंबर देऊन ठेवा. तिथल्या शेजाऱ्यांना हात जोडून सांगा की दिसलं तर खायला घालू नका, फोन करा. एकदा तिथे वाटी मिळाली की ते पुन्हा पुन्हा जाणार. आतच वाढलेलं मांजर निसटलं तर मात्र लांब शोधू नका. ते सहसा इमारतीच्याच आसपास असतं: उभ्या गाड्यांखाली, जिन्याखालच्या भंगारात, डक्टमध्ये. रात्री एकनंतर, रहदारी थांबल्यावर, टॉर्च घेऊन हळू आवाजात हाक मारत फिरा, आणि सोबत त्याची न धुतलेली गोधडी असू द्या.

गोधडी कधी धुवायची, हे मला सगळ्यांनी विचारलं. आम्ही तीन महिन्यांनी धुतली. त्याआधी त्याच्या खोलीत दुसरी एक गोधडी महिनाभर अंथरून ठेवली होती, आणि तो तिच्यावर झोपायला लागल्यानंतरच पहिली बादलीत घातली.